इबोला, कोविड आणि मधली सात हजार मुले

२५ जून २०२० रोजी काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागातली इबोलाची साथ संपल्याची घोषणा झाली. जवळपास दोन वर्षे चाललेल्या त्या साथीत ३,४७० जणांना लागण झाली आणि २,२८७ जण दगावले. जगभरच्या वाहिन्यांनी बातमी दाखवली, जागतिक आरोग्य संघटनेने पाठ थोपटली. ते योग्यच होते, कारण गोळीबाराच्या छायेत काम करून आरोग्यसेवकांनी ती साथ आटोक्यात आणली होती.

त्याच दिवशी, त्याच देशात, गोवराची साथ चालूच होती. ती संपल्याची घोषणा आणखी दोन महिन्यांनी, २५ ऑगस्टला झाली. पंचवीस महिन्यांत तिने पाच वर्षांखालची सात हजारांहून अधिक मुले नेली, म्हणजे इबोलाच्या तिप्पट. मार्च २०२० मध्ये देशात शिरलेल्या कोविडच्या नोंदलेल्या मृत्यूंचा आकडा तेव्हा तीनशेच्याही आत होता. कोविडची नोंद अपुरी होती हे खरे, पण गोवराची तरी कुठे पुरी होती? जंगलातल्या वस्तीत दवाखान्याचे तोंडही न पाहता गेलेले मूल कोणत्या वहीत लिहिले जाणार?

तीन साथी एकाच वेळी. त्यांपैकी एक रोग माणसाला १९७६ पासून ठाऊक, दुसरा जेमतेम काही महिन्यांचा, आणि तिसऱ्यावर १९६३ पासून स्वस्त, खात्रीची लस उपलब्ध. सर्वांत जास्त माणसे मारली ती या तिसऱ्याने. महासाथीच्या काळात गरीब देशांत गोवर का उसळला, याचे उत्तर बहुतेक जण ‘कोविडमुळे लसीकरण थांबले’ एवढ्या एका वाक्यात देतात. काँगोची तारीखवार हकिगत पाहिली तर ते उत्तर अर्धेच ठरते.

आधी रोगाबद्दल. आपल्याकडच्या घरांत गोवर म्हणजे लहानपणी एकदा येऊन जायचे दुखणे अशी समजूत अजून आहे. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, मुलाला आंघोळ घालायची नाही, पुरळ एकदा अंगावर ‘फुटून’ गेले की सुटलो. बहुतेक मुले सुटतातही. पण गोवराइतका संसर्गजन्य रोग शोधून सापडणे कठीण. प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत तरंगत राहू शकतो. त्यामुळे साथ रोखायची तर शंभरातली पंचाण्णव मुले संरक्षित असावी लागतात. मृत्यू होतो तो बहुधा पुरळामुळे नव्हे, मागाहून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबाने. मूल आधीच कुपोषित असेल तर लवकर. सधन देशांत हजार रुग्णांमागे एक ते तीन दगावतात. काँगोच्या या साथीत हे प्रमाण शंभराला दोनच्या आसपास होते.

आणखी एक गोष्ट गेल्या दशकात स्पष्ट झाली. गोवराचा विषाणू शरीराची जुनी रोगस्मृतीच पुसून टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या ७७ लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले होते. इतर रोगांविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाले होते. म्हणजे गोवरातून वाचलेले मूल पुढची दोन-तीन वर्षे इतर जंतूंपुढे पुन्हा उघडे पडते. नेदरलँड्समध्ये त्याला अन्न आहे, डॉक्टर आहे. काँगोच्या कासाई प्रांतात त्याला मलेरिया आहे. त्यातून मृत्यू आला तर त्याच्या दाखल्यावर गोवराचे नाव येणार नाही, आणि सात हजारांत तो मोजलाही जाणार नाही.

आता साधा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या त्या वेळच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये काँगोतल्या ५७ टक्के बाळांना गोवराची लस मिळाली होती. देशाच्या नियमित वेळापत्रकात तेव्हा एकच डोस होता, नवव्या महिन्यात. नवव्या महिन्यात दिलेली लस साधारण ८५ टक्के मुलांमध्ये लागू पडते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे तिच्या आड येतात. वर्षानंतर दिली तर हे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून तर बहुतेक देशांत दुसरा डोस असतो. शंभर बाळे जन्मली, सत्तावन्नांना सुई टोचली, त्यातली अठ्ठेचाळीस सुरक्षित झाली. उरली बावन्न. पुढच्या वर्षी आणखी बावन्न. दोन वर्षांत उघड्या मुलांची संख्या एका वर्षाच्या जन्मांएवढी होते, आणि साथरोगतज्ज्ञ नेमकी हीच संख्या धोक्याची खूण मानतात. ही थकबाकी भरून काढण्यासाठी दर काही वर्षांनी देशभर मोहीम घ्यायची, सगळ्या लहान मुलांना सरसकट लस द्यायची, असा शिरस्ता आहे. मोहीम वर्ष-दीड वर्ष लांबली किंवा तीत दुर्गम भाग निसटले, की साथ ठरलेली. काँगोत २०१०-११ पासून अशी आवर्तने आलेली आहेत. कटांगा भागाने तर ती पुन्हा पुन्हा भोगली. कोविडचे नावही कुणाला ठाऊक नव्हते तेव्हाची ही गोष्ट.

लस मुलापर्यंत का पोहोचत नाही, हे समजायला एक कुपी घेऊन तिच्या मागे जावे. युनिसेफमार्फत गरीब देशांना जाणाऱ्या गोवराच्या लशीचा मोठा वाटा पुण्यात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतो. एका डोसची किंमत या साथीच्या काळात अर्ध्या डॉलरहूनही कमी होती. विमानाने ती किन्शासाला पोहोचते. इथवर सारे सुरळीत. पुढचा देश महाराष्ट्राच्या साडेसात पट मोठा आहे आणि त्यात डांबरी रस्ते नावालाच. किन्शासाहून प्रांताच्या गावी पुन्हा विमान, तिथून मोटारसायकल, नदी आडवी आली की झाडाच्या खोडातून कोरलेली होडी, आणि शेवटी डोक्यावर शीतपेटी घेतलेला माणूस. या सगळ्या वाटेवर तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये राहायला हवे. आरोग्य केंद्रात वीज नाही. सौर शीतकपाट असेल तर असेल.

कुपी पोहोचली तरी एक पेच उरतो, आणि तो कार्यालयात बसून आकडे पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. गोवराची लस भुकटीच्या रूपात असते, द्रावण मिसळून ती तयार करतात, आणि एकदा मिसळली की सहा तासांत वापरावी लागते. उरली तर फेकून द्यायची. शिळी लस टोचली तर जंतुसंसर्गाने मूल दगावू शकते. एका कुपीत दहा डोस. तीन तास चालून एक आई एकुलते बाळ घेऊन आली, तर एका बाळासाठी नर्सने कुपी फोडायची का? नियम सांगतो, फोडा. पण पुढची कुपी महिन्याभराने येणार असेल आणि वाया गेलेल्या डोसांचा जाब वरून विचारला जाणार असेल, तर नर्स म्हणते, ‘पुढच्या बुधवारी या, मुले जमतील.’ आई पुढच्या बुधवारी येत नाही. तिला अडाणी किंवा लसविरोधी ठरवणे सोपे आहे. तिचा शेतातला दिवस बुडाला होता, एवढेच.

या पार्श्वभूमीवर इबोलाची लस पाहा. ती उणे ६० ते उणे ८० अंश तापमानात ठेवावी लागते. तरीही उत्तर किवू आणि इतुरी प्रांतांत, सशस्त्र टोळ्यांच्या मुलखात, ती तीन लाखांहून अधिक लोकांना टोचली गेली. त्यासाठी खास शीतपेट्या आणल्या, जनित्रे आली, हेलिकॉप्टर आले, परदेशी तज्ज्ञांचे तांडे आले. उणे ८० अंशांची साखळी जंगलात उभी राहते आणि २ ते ८ अंशांची तुटते, याचे कारण तंत्रज्ञानात शोधून सापडायचे नाही. इबोला विमानात बसून न्यूयॉर्कला पोहोचू शकतो, ही भीती जगाला होती. गोवराची भीती जगाने आपापल्या मुलांना लस देऊन केव्हाच संपवली होती.

स्थानिक लोकांच्या नजरेतून हे सुटले नाही. उत्तर किवूतल्या बेनी आणि बुटेंबो भागात ‘इबोला बिझनेस’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मुले वर्षानुवर्षे मलेरियाने, गोवराने मरत होती तेव्हा कुणी फिरकले नाही, आणि आता पांढऱ्या गाड्यांच्या रांगा लागल्या, असा त्यातला रोख होता. आरोग्यमंत्री ओली इलुंगा यांनी जुलै २०१९ मध्ये इबोलाच्या नियंत्रणावरून राष्ट्राध्यक्षांशी झालेल्या मतभेदात राजीनामा दिला. पुढे इबोलाच्याच निधीतील अपहाराबद्दल त्यांना शिक्षा झाली. इकडे गोवरासाठी जानेवारी २०२० पर्यंत जमलेली रक्कम होती २ कोटी ७६ लाख डॉलर, आणि आणखी ४ कोटींची गरज असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती.

मग इबोलाने गोवराला वाट करून दिली असे म्हणायचे का? काही अंशी. २०१४-१५ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाने आरोग्यसेवा कोलमडल्या तेव्हा ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका गणिती प्रारूपाने इशारा दिला होता, की दीड वर्ष लसीकरण खुंटले तर त्यानंतरच्या गोवराच्या साथीत २,००० ते १६,००० जादा मृत्यू होऊ शकतात, म्हणजे इबोलाच्या बळींच्या तोडीचे. पण काँगोतली इबोलाची साथ मुख्यतः पूर्वेच्या दोन-तीन प्रांतांत होती आणि गोवर सव्वीसच्या सव्वीस प्रांतांत. पश्चिमेला हजारो किलोमीटर दूर मरणाऱ्या मुलांचा दोष इबोलाच्या विषाणूवर टाकता येत नाही. इबोलाने लक्ष खेचून घेतले, पैसा खेचून घेतला. उघड्या मुलांची रास मात्र आधीच जमलेली होती.

पूर्वेकडे दोन्ही रोग एकत्र आले तिथे वेगळीच अडचण झाली. इबोलाची सुरुवात तापाने होते, गोवराचीही. अंगावर चट्टे दोन्हींत उठू शकतात. तापाने फणफणलेले मूल घेऊन दवाखान्यात जावे तर त्याला इबोलाच्या तंबूत टाकतील, या धास्तीने आया घरीच थांबत. जुलै २०१९ मध्ये इतुरीतल्या बुनिया शहरात विस्थापितांच्या छावण्यांसह ६७ हजार मुलांना गोवराची लस देण्याची तातडीची मोहीम झाली. हात धुण्याची सोय, हातमोजे, ताप तपासणे, रांगेत अंतर, असा सगळा जामानिमा तिथे होता. नऊ महिन्यांनी कोविडने साऱ्या जगाला ज्या खबरदाऱ्या शिकवल्या त्यांची ही रंगीत तालीमच होती. संसर्गाच्या धोक्यातही लसीकरण मोहीम करता येते, एवढे तिने दाखवून दिले. हा मुद्दा पुढे कामाला येतो.

गोवराची साथ सरकारने अधिकृतपणे जाहीर केली १० जून २०१९ ला. रुग्ण वाढू लागून तेव्हा वर्ष होत आले होते. हा उशीर कुणा एकाच्या आळसाचा नव्हता. नमुने गोळा करून किन्शासाच्या राष्ट्रीय जैववैद्यक संशोधन संस्थेत पाठवायचे, तिथे पुष्टी व्हायची, मग निधीसाठी अर्ज, मग लशींची मागणी, मग वाहतूक. या साखळीत प्रत्येक जण आपले काम करतो आणि गोवर दर पंधरवड्याला नवी पिढी गाठतो. देशव्यापी मोहीम सप्टेंबरमध्ये सुरू झाली तीही टप्प्याटप्प्याने, म्हणजे काही प्रांतांची पाळी वर्षअखेरीस आली. १ कोटी ८० लाखांहून अधिक मुलांना लस दिली गेली, आणि हे यश छोटे नव्हे. पण मोहीम पाच वर्षांखालच्या मुलांसाठी होती आणि चार रुग्णांमागे एक पाच वर्षांवरचा होता. जुन्या, फसलेल्या मोहिमांतून निसटलेली मुले वाढून शाळेत गेली होती. सहा ते चौदा वयोगटापर्यंत लस न्यावी, असे नियोजन जानेवारी २०२० मध्ये मांडले गेले.

तोवर औषधाचे काय? गोवरावर विषाणू मारणारे औषध नाही, पण ‘अ’ जीवनसत्त्व आहे. १९३२ साली लंडनच्या एका रुग्णालयात जोसेफ एलिसन यांनी गोवर झालेल्या सहाशे मुलांपैकी निम्म्यांना माशांच्या यकृताचे तेल दिले आणि त्या गटातले मृत्यू निम्म्याहून खाली आले. मग प्रतिजैविकांचा जमाना आला आणि ही गोष्ट जवळजवळ विस्मरणात गेली. १९९० मध्ये केपटाऊनच्या डॉक्टरांनी पद्धतशीर चाचणी करून तेच पुन्हा सिद्ध केले. आता लागोपाठ दोन दिवस दोन मात्रा, ही जगभरची प्रमाणित पद्धत आहे. काही पैशांची ही मात्रा. जिथे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्थांनी उपचार केंद्रे उभारली तिथे मुले वाचली. जिथे पालकांना दवाखान्यात पैसे भरावे लागतात आणि म्हणून ते शेवटच्या घटकेला येतात, तिथे मात्रा असूनही उशीर झालेला असे.

अशा अवस्थेत १० मार्च २०२० रोजी काँगोत कोविडचा पहिला रुग्ण सापडला.

सोळा दिवसांनी, २६ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला: नियमित लसीकरण शक्य तिथे चालू ठेवा, पण मोठ्या जमावाच्या मोहिमा तात्पुरत्या थांबवा. एप्रिलच्या मध्यापर्यंत चोवीस देशांनी गोवराच्या मोहिमा पुढे ढकलल्या होत्या, आणि सदतीस देशांतली ११ कोटी ७० लाख मुले लशीला मुकू शकतील असा अंदाज जाहीर झाला. या निर्णयावर आज टीका करणे सोपे आहे. मार्च २०२० मध्ये मास्क नव्हते, नव्या विषाणूचा मृत्युदर नीट माहीत नव्हता, आणि लसीकरणाच्या रांगेतूनच खेड्यात कोविड पसरला असता तर पुढची दहा वर्षे कुणी लशीच्या रांगेत उभे राहिले नसते. थांबण्याचा पहिला निर्णय समर्थनीय होता. तो फिरवायला किती वेळ लागला, हा खरा प्रश्न.

लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या संशोधकांनी जुलै २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आफ्रिकेपुरता ताळेबंद मांडला. लसीकरणाच्या भेटींतून लागण होऊन कोविडचा एक जादा मृत्यू ओढवेल असे धरले, तर नियमित लसीकरण चालू ठेवल्याने ८४ बालमृत्यू टळतील. या आकड्याची अनिश्चितता मोठी होती. खालची मर्यादा १४, वरची २६७. पण खालची मर्यादा घेतली तरी पारडे कुठे झुकते ते स्पष्ट होते. मेअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मोहिमा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय देशांनी कसा घ्यावा याची चौकट दिली. इथिओपियाने लगेच, जून-जुलैतच, सुमारे दीड कोटी मुलांची गोवर मोहीम पार पाडली. बुनियात वर्षापूर्वी जे साधले होते तेच मोठ्या प्रमाणावर. बरेच देश मात्र थांबून राहिले, कारण कोविडसाठी मनुष्यबळ वळवले होते, सीमा बंद होत्या, मालवाहू विमाने मिळत नव्हती.

काँगोत अफवांचीही भर पडली, आणि त्या अगदी निराधार हवेतून आल्या नव्हत्या. एप्रिलच्या सुरुवातीला पॅरिसच्या एका वाहिनीवर दोन फ्रेंच डॉक्टरांनी कोविडवरील एका लशीची चाचणी आफ्रिकेत करून पाहावी अशी चर्चा केली आणि खंडभर संतापाची लाट उसळली. त्याच आठवड्यात किन्शासात ज्याँ-जाक मुयेंबे यांनी पत्रकारांना सांगितले, की काँगो कोविडच्या लशीच्या चाचण्यांत भाग घ्यायला तयार आहे. मुयेंबे हे १९७६ च्या पहिल्या इबोला साथीत गावात जाऊन रक्ताचे नमुने घेणारे शास्त्रज्ञ, देशातला सर्वांत आदरणीय डॉक्टर. तरीही लोक खवळले: आम्ही काय प्रयोगशाळेतले उंदीर? त्यांना लगेच खुलासा करावा लागला. पण तोवर ‘दवाखान्यात गोवराच्या नावाखाली कोविडची लस टोचतात’ ही कुजबुज पसरली होती. बेल्जियमच्या राजाच्या खासगी राजवटीत ज्या देशाने रबरासाठी हात तोडलेले पाहिले, तिथे परक्याच्या सुईबद्दल संशय येणे याला नुसते अज्ञान म्हणून निकालात काढता येत नाही. तरी या अफवांना फार वजन देऊ नये. दवाखान्यात लस असेल, नर्स असेल आणि वाट चालण्याजोगी असेल, तर बहुसंख्य आया येतात. मोहिमांतल्या रांगा हेच सांगतात.

यानंतर एक चकवा घडला. २०२० मध्ये जगात गोवराचे नोंदलेले रुग्ण कोसळले. २०१९ मध्ये ते ८ लाख ६९ हजारांवर होते, म्हणजे १९९६ नंतरचे सर्वाधिक. २०२० मध्ये दीड लाखाच्या आसपास. लस कमी आणि गोवरही कमी! शाळा बंद, प्रवास बंद, आणि २०१९ च्या वणव्यात बरीच मुले आधीच होरपळून निघालेली, ही त्याची खरी कारणे. शिवाय पाहणारे डोळेच मिटले होते: प्रयोगशाळांकडे आलेले गोवराचे नमुने दहा वर्षांहून अधिक काळातले सर्वांत कमी होते. त्याच वर्षी २ कोटी २३ लाख बाळांचा पहिला डोस चुकला. २०२१ मध्ये हा आकडा अडीच कोटींवर गेला आणि पहिल्या डोसची व्याप्ती ८१ टक्क्यांपर्यंत घसरली. त्या वर्षी अंदाजे ९० लाख लोकांना गोवर झाला, १ लाख २८ हजार दगावले.

परतफेड सुरू झाली ती २०२२ मध्ये. अफगाणिस्तानात, सोमालियात, इथिओपियात. झिंबाब्वेत एप्रिलमध्ये मानिकालँड प्रांतातून साथ निघाली आणि सप्टेंबरपर्यंत सुमारे सातशे मुले गेली. त्यांतली बरीचशी लस नाकारणाऱ्या अपोस्टोलिक पंथांच्या कुटुंबांतली. तिथे अविश्वासाचे कारण लागू पडते, काँगोत तेवढे नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडीत. मालेगाव आणि भिवंडीतही. भारत काही अल्प उत्पन्नाचा देश म्हणून मोजला जात नाही आणि मुंबई महापालिका तर देशातली सर्वांत श्रीमंत. पण गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व विभागाच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत गोवराने तीच बेरीज केली. टाळेबंदीत गावी गेलेली आणि परतलेली कुटुंबे, कोविडच्या कामाला जुंपलेल्या आरोग्यसेविका, चुकलेले डोस. केंद्रीय पथके आली, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याचे ठरले, आणि जिथे नऊ महिन्यांखालची बाळे मोठ्या संख्येने आजारी पडत होती तिथे सहाव्या महिन्यापासून. ज्या हडपसरमधून काँगोला लस जाते तिथून गोवंडी फार तर दीडशे किलोमीटर.

काँगोच्या गोष्टीत हडपसर आणखी एकदा येते. २ मार्च २०२१ रोजी गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेतून किन्शासाला कोविडच्या लशीचे १७ लाख डोस उतरले, सीरमने बनवलेले. रक्ताच्या गुठळ्यांच्या युरोपातल्या बातम्यांमुळे सुरुवात दीड महिना लांबली, आणि जूनअखेरची मुदत संपण्याआधी एवढे डोस देणे जमणार नाही हे पाहून काँगोने त्यांतले १३ लाख इतर आफ्रिकी देशांना द्यायला परत केले. भारतात तेव्हा दुसरी लाट भरात होती आणि लसकेंद्रांवर ‘साठा संपला’चे फलक लागत होते. परत केलेल्या त्या तेरा लाख डोसांकडे पाहून पुष्कळांनी काँगोच्या नाकर्तेपणावर बोट ठेवले. पण ज्या नर्सला गोवराच्या कुपीसाठी बर्फ मिळत नव्हता तिच्याच हातात ही नवी लस पडणार होती. साथ बदलली तरी शेवटच्या टप्प्याचे माणूस तेच.

हे शेवटचे माणूस सांभाळायचे की दर काही वर्षांनी मोहिमेचा धडाका लावायचा, हा वाद गोवराच्या लशीइतकाच जुना आहे. विसरलेली गोष्ट अशी, की ही लस अमेरिकेत परवाना मिळण्याआधीच पश्चिम आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, मुलांना देऊन पाहिली गेली होती. १९६६ पासून अमेरिकेच्या मदतीने पश्चिम व मध्य आफ्रिकेत देवी आणि गोवर यांच्या जोडमोहिमा झाल्या. गांबिया या चिमुकल्या देशाने १९६७ मध्ये गोवराचा प्रसार पूर्ण थांबवला. असे करणारा तो जगातला पहिला देश. काही वर्षांत परदेशी गाड्या आणि पैसा आटला, मोहिमा थंडावल्या आणि गोवर परत आला. देवी मात्र गेली ती गेलीच, कारण तिचा प्रत्येक रुग्ण ओळखून त्याच्याभोवती कडे करता येत असे. गोवर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच पसरू लागतो. त्याला असे कोंडता येत नाही. दरवर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचणे, हाच त्याचा बंदोबस्त.

काँगोने हे ओळखले नव्हते असे नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे साथ वाढत असतानाच, दिवंगत आरोग्यमंत्री माशाको यांच्या नावाने एक योजना सुरू झाली होती. सर्वांत कमकुवत नऊ प्रांत निवडायचे आणि दीड वर्षात नियमित लसीकरण पंधरा टक्के-बिंदूंनी वाढवायचे. तिच्यात काही दिखाऊ नव्हते: लसीकरणाची सत्रे ठरल्या दिवशी भरतात का ते तपासणे, साठा संपायच्या आत कळवणे, पर्यवेक्षकांच्या भेटी नोंदवणे. जुलै २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी आणि प्रांतांचे गव्हर्नर यांनी किन्शासात जाहीरनाम्यावर सह्याही केल्या. अशा कामाचे फळ वर्षांनी येते, आणि मधल्या काळात कोविड आला. २०२० मध्ये साथ संपल्याची घोषणा होऊन वर्षही लोटले नव्हते तोच उत्तरेकडच्या बोसोबोलो भागात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सची पथके पुन्हा गोवराची मुले भरती करून घेत होती. २०२२ मध्ये देशातल्या १८ लाख बाळांचा पहिला डोस चुकला. भारतात तो आकडा ११ लाख होता, पण आपल्याकडे जन्म कितीतरी पटींनी जास्त. २०२३ मध्ये काँगोत पुन्हा तीन लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले.

दरम्यान गांबियातच एका नव्या साधनाची चाचणी झाली. सूक्ष्म सुयांची चिकटपट्टी मनगटावर काही मिनिटे दाबून धरायची, की गोवर-रुबेलाची लस आत जाते. द्रावण मिसळायला नको, दहा डोसांची कुपी फोडायला नको, एका बाळासाठी एकच पट्टी. एप्रिल २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार लहान मुलांमधला प्रतिसाद नेहमीच्या इंजेक्शनच्या तोडीचा होता. मोठ्या चाचण्या, परवाना आणि कारखान्यातले उत्पादन अजून पुढे आहे. तोवर काँगोतल्या आरोग्य केंद्रांत दहा डोसांची कुपी आणि बुधवारची वाट, हीच व्यवस्था चालू आहे.